ग्लास हातात, पुस्तक काखेत

क्राफ्ट बिअरवरच्या नव्या गाइडचं प्रकाशन पुस्तकाच्या दुकानात होतं तेव्हा त्याचा एक साचा ठरलेला असतो. रॅक भिंतीकडे सरकवलेले, मध्ये घडीच्या खुर्च्या, टेबलावर पुस्तकांची चळत आणि शेजारी घोटभर बिअरचे छोटे ग्लास. लेखक एक उतारा वाचतो, ब्रुअर ओततो, सगळे पितात आणि माना डोलावतात. अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना अशा दोन कार्यक्रमांना गेलोय. मजा येते, खोटं कशाला बोलू! पण पुस्तकाचा कस लावायला यापेक्षा वाईट जागा नाही.

कारण साधं आहे. लेखकाने आधी सांगितलं की हिच्यात ग्रेपफ्रूट लागतं, की ते लागतंच. २००१ मध्ये बोर्डोच्या संशोधकांनी ५४ विद्यार्थ्यांसमोर पांढरी वाईन ठेवली, पण त्यातल्या एका ग्लासात बिनवासाचा लाल रंग मिसळून. पोरांनी त्या ग्लासाचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. ही पोरं वाईनचंच शिक्षण घेत होती. मग खुर्चीत बसलेल्या तुमच्या-माझ्या जिभेची काय कथा! आधी प्यायला द्यावं, प्रत्येकाने आपला शब्द कागदावर लिहावा, आणि मग लेखकाने उतारा वाचावा. पुस्तक किती पाण्यात आहे ते पाच मिनिटांत कळेल. प्रकाशक असं करणार नाहीत, हा भाग वेगळा.

गाइडची गरजच नाही असं मात्र नाही. मायकल जॅक्सनचं (गाणारा नव्हे, वेदरबीमध्ये जन्मलेला पत्रकार) ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ १९७७ मध्ये आलं. तेव्हा अमेरिकेत ब्रुअरीज शंभराच्याही आत होत्या. आज नऊ हजारांच्या वर आहेत. घरी बिअर बनवायला तिथल्या केंद्रीय कायद्याने परवानगी दिली तीच १९७८ मध्ये. जॅक्सनने बिअरची मांडणी स्टाइलनुसार केली आणि प्रत्येक स्टाइलमागचं गाव, पाणी, माणसं सांगितली. बेल्जियमच्या ज्या बिअर कधी चाखल्या नव्हत्या, त्या त्याचं लेखन वाचून अमेरिकेतली पोरं बनवायला लागली. चांगल्या गाइडकडून मला हेच हवं असतं. ग्लासातलं काय ते मी बघून घेईन, ग्लासामागचं सांगा.

पुढे गडबड झाली. स्टाइल हे वर्णन होतं, त्याचं स्पेसिफिकेशन झालं. स्पर्धांच्या नियमावल्यांमध्ये प्रत्येक स्टाइलला कडवटपणाचे आकडे, रंगाचे आकडे चिकटले. परीक्षकाला ते लागतात, मान्य. पण आजची निम्मी गाइड्स त्या नियमावलीवर फोटो चढवल्यासारखी वाटतात. आमच्या धंद्यात कोड वाचून लिहिलेलं डॉक्युमेंटेशन आणि डॉक्युमेंटेशन वाचून लिहिलेलं डॉक्युमेंटेशन लगेच ओळखू येतं. इथेही येतं.

‘इंडिया पेल एल’चंच घ्या. हिंदुस्थानच्या लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून ती मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट गाइडमागून गाइड सांगत आलं. मार्टिन कॉर्नेलसारख्या इतिहासकारांनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं की तसं नव्हतं. लंडनच्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीच्या जवळ होती, जहाजावरच्या अधिकाऱ्यांना तो उधारीवर माल देई, आणि आधीपासून बनत असलेली बिअर इकडे आली. म्हणजे कारण होतं पत्ता आणि उधारी. मला तर ही गोष्ट जास्त आवडते. २०११ मध्ये गॅरेट ऑलिव्हरने संपादित केलेलं ‘द ऑक्सफर्ड कंपॅनियन टू बिअर’ आलं, अकराशेहून जास्त नोंदींचं. लगेच वाचकांनी त्यातल्या चुका नोंदवायला एक विकी काढलं. बग ट्रॅकरच म्हणा! त्या ग्रंथाचा याहून मोठा सत्कार पुस्तकाच्या दुकानात झाला नसता.

आता शब्दांचं. काही चव-शब्द पडताळता येतात. जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो म्हणतात, तो यीस्टने तयार केलेल्या एस्टरचा, आणि तेच एस्टर केळ्यातही असतं. लवंगेचा वासही यीस्टचीच करणी. हे शब्द मला चालतात. पण हिरव्या बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधले घटक बिघडून जो घाण वास सुटतो, त्याला सगळी गाइड्स ‘स्कंक’ म्हणतात. हा प्राणी आपल्याकडे नाहीच. महाराष्ट्रातला वाचक त्यातून काय समजणार? तीच गोष्ट पाइनच्या चिकाची आणि टॉफीची. आपल्या जिभेला आंबूस, तुरट, करपट, खवट, मुरलेलं, ओशट हे फरक शाळेत जायच्या आधीपासून कळतात. आंबील, कोकम, चढलेलं इडलीचं पीठ ही ज्याच्या ओळखीची, त्याला आंबट बेल्जियन लॅम्बिक समजवायला ग्रेपफ्रूट कशाला हवं?

पुण्यातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरीचं नाव ‘डूलाली’. आपलं नाशिकजवळचं देवळाली गोऱ्या शिपायांच्या तोंडी जाऊन ‘डूलाली’ झालं, त्याचा अर्थ डोकं फिरलेला असा झाला, आणि २००९ मध्ये ते ब्रँड म्हणून घरी परतलं. शब्द तिकडून असे परत येतात, मग इकडून जायला काय हरकत आहे?

मराठीत असं गाइड कुणी लिहिलं तर मी पहिल्या रांगेत असेन. फक्त आपल्या राज्यात बिअर प्यायला वय २१ आणि कागदोपत्री परमिटही लागतं, आणि पुस्तकाच्या दुकानाकडे दारूचा परवाना नसतो. त्यामुळे प्रकाशन कोरडंच होईल, नुसता उतारा वाचून.