बिघाड यंत्रात की जागेत?

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीत एखाद्या घराच्या गच्चीवर किंवा शाळेच्या आवारात आता छोटे स्वयंचलित हवामान केंद्र पाहायला मिळते. तापमान, आर्द्रता, वायुभार, पाऊस आणि वारा यांच्या नोंदी घरातल्या पडद्यावर आपोआप उमटतात. रात्री दोन वाजता पावसाचा जोर किती होता, हे सकाळी विद्यार्थ्यांना दाखवता येते. साध्या पर्जन्यमापकातून चोवीस तासांचा एकच आकडा हाती येतो. शिकवण्याचे साधन म्हणून या यंत्राचे मोल आम्ही कमी मानत नाही. आमचा आक्षेप आहे तो आकडा विचित्र आल्यावर आपण जे करतो त्याला.

आमच्या पाहण्यात आलेल्या माहितीपुस्तिकांचा सल्ला ठरलेला असतो : बॅटरी बदला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा, तरीही जमले नाही तर नवा संवेदक घ्या. यात कारणाचा शोध कुठेच नाही. दुसरीकडे, पुष्कळ जण आपल्या आकड्याची तुलना मोबाइलवर दिसणाऱ्या गावच्या आकड्याशी करतात आणि तो जुळला नाही की यंत्राला दोष देतात. हेही बरोबर नाही. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत मुंबईतच सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला सुमारे 73. दोन्ही आकडे खरे होते. दूरच्या आकड्याशी न जुळणे म्हणजे बिघाड नव्हे.

खरी तुलना शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राशीच होऊ शकते. 29 मे 2024 रोजी दिल्लीजवळच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. भारतीय हवामान विभागाने तेथील संवेदक प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिला, तेव्हा तो सुमारे 3 अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. लगेच दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका केंद्राने 56 अंश दाखवले, तोही आकडा सदोष ठरला.

शाळेला ही पडताळणी थोड्या साहित्यात करता येते. तापमान जास्त वाटत असेल तर आधी पाहावे, ते केव्हा जास्त असते. फक्त दुपारच्या उन्हात जास्त आणि रात्री ठीक असेल, तर संवेदकाचा दोष नसण्याचीच शक्यता अधिक. तापलेली गच्ची, पत्रा किंवा जवळची भिंत त्याला उष्णता देत असते. हवामान केंद्रावर तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवतात, ते याचसाठी. फरक दिवसरात्र सारखाच राहिला तर मात्र संवेदकावर संशय घ्यावा. तापमान खोटे वाढले की सापेक्ष आर्द्रता खोटी कमी दिसते, म्हणून एकाच चुकीचे दोन बिघाड भासतात.

आर्द्रतेच्या बाबतीत किनाऱ्यावरचा शत्रू वेगळा आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ संवेदकावर बसते आणि ओल धरून ठेवते. पावसाळा सरला तरी पडदा नव्वदीच्या वरच अडून राहतो. इथे मीठच परीक्षक म्हणून वापरता येते. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मिठाचा ओला लगदा ठेवावा, त्याला स्पर्श होणार नाही असा संवेदक आत ठेवावा आणि काही तास थांबावे. बंद हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. पडदा 90 दाखवत असेल तर दोष कुठे आहे ते कळले.

पर्जन्यमापकाची परीक्षा गणिताच्या तासाला घ्यावी. नरसाळ्याचा व्यास 20 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 314 मिलिलिटर पाणी हा 10 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढे पाणी अर्ध्या तासात थेंबथेंब सोडावे. आकडा कमी आला तर सुपारीच्या वाडीतला पालापाचोळा, कोळ्याचे जाळे किंवा कललेली बैठक तपासावी. वायुभारमापकाला साहित्यही लागत नाही. आपल्याकडे वायुभार रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. स्वच्छ दिवसांत आलेखावर हा चढउतार दिसलाच पाहिजे.

जागेचा दोष आणि यंत्राचा दोष वेगळे ओळखण्याचा उत्तम धडा अलिबागेतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने या नोंदी बिघडणार हे उघड होते. उपकरणे निर्दोष असूनही जागा निरुपयोगी होणार होती. संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागची निवड केली. तिथे चुंबकीय पदार्थ टाळून इमारती उभ्या राहिल्या आणि 1904 मध्ये काम सुरू झाले. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून दोन ठिकाणांतला फरक मोजता आला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. ट्राम प्रत्यक्ष विजेवर धावली ती 1907 मध्ये.

शाळेत हेच का होऊ नये? संवेदक बदलायचा किंवा केंद्र हलवायचे झाले तर महिनाभर जुने-नवे शेजारी चालवावे, फरक वहीत लिहावा आणि बदलाची तारीख टाकावी. संशयास्पद आकडा खोडू नये, त्यापुढे संशयाचे कारण लिहावे. आज मात्र बहुतेक ठिकाणी नवा संवेदक बसतो, जुने आकडे तसेच राहतात आणि पाच वर्षांनी कुणी विद्यार्थी त्यांचा आलेख काढतो तेव्हा मध्येच दिसणारी दोन अंशांची उडी त्याला हवामानातला बदल वाटते. त्या विद्यार्थ्याची फसगत यंत्राने केलेली नसते. ती आपण न लिहिलेल्या एका ओळीने केलेली असते.