टॉमची श्रद्धा आणि पुण्णिकेचा प्रश्न

गुलाम हा माणूस आहे, हे वाचकास पटविण्यासाठी लेखक कोणता पुरावा पुढे करतो? गुलामगिरीविरोधी कथावाङ्मयाची परीक्षा आम्हांस या एका प्रश्नाने करावीशी वाटते. हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. असंख्य वाचकांच्या मनात तिने गुलामांविषयी कणव निर्माण केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिच्यातील मुख्य पुरावा आहे तो टॉमच्या श्रद्धेचा. टॉम अडखळत बायबल वाचतो, मालक बदलत गेले तरी त्याची निष्ठा ढळत नाही, आणि मरताना तो मारणाऱ्यांनाही क्षमा करतो.

टॉम लाचार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. एका गुलाम स्त्रीवर चाबूक उगारण्यास तो लेग्रीच्या तोंडावर नकार देतो. पळालेल्या दोघींविषयी काहीही सांगत नाही, म्हणूनच त्याचा प्राण जातो. 'अंकल टॉम' हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी ही पाने बहुधा वाचलेली नसतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या धर्मग्रंथाच्या आधारे मालकवर्ग गुलामगिरीचे समर्थन करीत होता, त्याच ग्रंथावर गुलामाने मालकाहून अधिक निष्ठा ठेवावी, तेव्हा कोठे त्याचे माणूसपण सिद्ध होते! जॉर्ज हॅरिसला या धर्माविषयी शंका येते. त्यास लेखिका अखेर श्रद्धेकडे वळविते आणि लायबेरियास धाडते. मुक्त झालेल्या या स्वाभिमानी पुरुषास अमेरिकेत जागा देण्याची तिची तयारी दिसत नाही.

या कादंबरीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लेखिका होती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे. निबंध म्हणजे कथा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दास्यात जन्मलेल्या मुलीच्या हाती लेखणी आली की काय घडते, ते येथे दिसते. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट ईश्वरालाच विचारते. श्रद्धेचे प्रमाणपत्र दाखवून ती दया मागत नाही. पुढे १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या ग्रंथातही धर्मकथांचीच उलटतपासणी आहे.

याचे कारण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विवेचनात सापडते. गुलाम बाळगण्याची सक्ती कोणावर नव्हती, अस्पृश्यता पाळणे मात्र धर्माने बंधनकारक केले होते, असे ते दाखवून देतात. ज्याच्या बेड्या धर्मानेच घडविल्या, त्याने त्याच धर्मातील निष्ठेने आपले माणूसपण कसे सिद्ध करावे?

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) या दृष्टीने पुन्हा वाचावी. ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. तीत रानोजी गावासाठी जोगणी आणताना प्राण गमावतो. मान गावाला मिळतो, मरण मांगवाड्याच्या वाट्याला येते. येथवर रानोजी टॉमपासून फार दूर नाही. पण त्याचा मुलगा फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, तेव्हा माणूसपणाचा पुरावा देवीच्या मानातून निघून भुकेच्या जाणिवेत येतो. अण्णा भाऊंची थोरवी आम्हांस या वळणात दिसते.

मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, विशेषतः अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांच्यामुळे, कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाची चर्चा सुरू झाली. त्यातून आमच्या लेखकांनी विद्रोह घेतला, आणि तो आवश्यकच होता. परंतु १९५६ नंतर ज्या घरातले देव विसर्जित झाले, त्या घरातील माणसाचे मन आमच्या कथेत क्वचितच उतरले. वंदना, पंचशील, भिंतीवरील तसबीर ही कथेत येतात ती नेपथ्य म्हणून. नाकारलेल्या श्रद्धेची चित्रे पुष्कळ आहेत. स्वीकारलेल्या धम्माची किती?

नमुना हवा असेल तर तो थेरीगाथेत आहे. पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी वाहणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पापमुक्त होऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक-कासवे आधी स्वर्गाला जातील, आणि नदी पापाबरोबर पुण्यही वाहून नेईल, नाही का? परळी वैजनाथसारख्या ज्योतिर्लिंगाच्या गावी, जेथे हरिहर तीर्थाचे पाणी पवित्र मानले जाते, ही गाथा वाचताना तिची धार अधिकच जाणवते. पुण्णिकेची श्रद्धा तिच्या सोसण्यातून दिसत नाही, ती तिच्या तर्कातून दिसते. आणि अखेर ब्राह्मणच तिच्या शब्दावरून बुद्धाला शरण जातो.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. विनयाच्या नियमानुसार दासाला प्रव्रज्या देता येत नसे. अट्ठकथेप्रमाणे या संवादानंतर अनाथपिंडिकाने पुण्णिकेला दास्यमुक्त केले आणि मगच ती संघात आली. टॉमला सोडवावयास निघालेला तरुण जॉर्ज शेल्बी लेग्रीच्या मळ्यावर पोहोचतो, तेव्हा टॉम अखेरच्या घटका मोजत असतो.