पाच तासांची झोप आणि जोखमीचा हिशेब: झुरिचच्या एका पेपरचं परीक्षण

'झोप कमी झाली की माणूस जास्त जोखीम घेतो' हे वाक्य झोपेवरच्या लेखांत सारखं भेटतं. त्याला पुरावा म्हणून पुष्कळदा एक पेपर पुढे केला जातो. अँजेलिना मारिक, ख्रिश्चन बाउमन आणि त्यांच्या झुरिचमधल्या सहकाऱ्यांचा हा पेपर २०१७ साली 'अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी'मध्ये आला. पेपर चांगला आहे. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातं ते सगळं त्यात नाही, आणि त्यात जे खरंच महत्त्वाचं आहे ते बातम्यांच्या मथळ्यात येत नाही.

आधी प्रयोग समजून घेऊ. १८ ते २८ वयाचे १४ निरोगी विद्यार्थी, सगळे मुलगे. त्यांना ७ रात्री फक्त ५-५ तास झोपू दिलं. तुलनेसाठी त्याच मुलांची चाचणी रोज साधारण ८ तास झोप मिळत असतानाही घेतली. शिवाय एक अख्खी रात्र जागवूनही घेतली. चाचणी साधी होती: ठरावीक शक्यतेने मिळणारी मोठी रक्कम हवी, की कमी पण खात्रीची रक्कम हवी? म्हणजे समजा (आकडे माझे), १०० रुपये मिळण्याची शक्यता निम्मी, नाहीतर ४० रुपये आत्ता हातात. काय घ्याल?

आठवडाभर कमी झोपल्यावर १४ पैकी ११ जण जास्त जोखमीचे पर्याय निवडू लागले. झोपेत घेतलेल्या ईईजीत दिसलं, की मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, गाढ झोपेच्या संथ लहरी जितक्या कमी, तितका जोखमीकडे कल जास्त. एका रात्रीच्या जागरणाने मात्र फरक पडला नाही.

आता जमेची बाजू. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली आहे. त्यामुळे 'मुळातच धाडसी मुलं एका गटात गेली असतील' ही शंका उरत नाही. आणि एका जागरणाऐवजी आठवडाभराची अपुरी झोप तपासली, हे तर फारच बरं केलं. आपल्यापैकी बहुतेकांची झोप अशीच, रोज थोडी थोडी, जाते.

कच्चे दुवेही आहेत. १४ हा आकडा लहान आहे, आणि त्यात एकही बाई नाही, चाळिशीतलं कोणी नाही. दुसरं, संथ लहरी आणि जोखीम यांचा संबंध दिसला म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं सिद्ध होत नाही. त्यासाठी तेवढ्याच भागातल्या लहरी मुद्दाम कमी-जास्त करून पाहाव्या लागतील. तिसरं, इथे शक्यता आधीच सांगितलेली आहे आणि प्रश्न फक्त किती मिळेल याचा आहे. घाटात पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करताना शक्यता कोणी सांगत नाही, आणि तिथे प्रश्न गमावण्याचा असतो.

हा तिसरा मुद्दा किरकोळ नाही. २००७ साली मॅकेना आणि सहकाऱ्यांनी एका रात्रीच्या जागरणानंतर मिळकत आणि नुकसान हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले. मिळकतीच्या प्रश्नात लोक नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेत होते, नुकसानीच्या प्रश्नात उलट कमी. सिंगापूरमध्ये वेंकटरामन, ची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की एका रात्रीच्या जागरणानंतर लोकांचा कल नुकसान टाळण्याकडून मिळकत वाढवण्याकडे सरकतो. म्हणजे झुरिचमध्ये एका रात्रीने काही झालं नाही, इतर दोन ठिकाणी झालं, आणि तेही प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून. तेव्हा 'कमी झोप म्हणजे जास्त जोखीम' हे सरसकट सूत्र टिकत नाही. जास्तीत जास्त एवढंच म्हणता येईल, की फायदा-तोट्याचं वजन करण्याची पद्धत बदलते.

मग या पेपरमधून घ्यायचं काय? माझ्या मते, मथळ्यात न येणारी गोष्ट: सहभागींना स्वतःत झालेला बदल कळलाच नाही. आपण नेहमीइतकीच जोखीम घेतोय असं त्यांना वाटत होतं. हे एकट्या झुरिचचं निरीक्षण असतं तर मी एवढा भर दिला नसता. पण २००३ साली व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांवर केलेल्या प्रयोगात, जोखमीची नाही तर लक्ष आणि स्मरणाची चाचणी असतानाही, हेच दिसलं होतं. १४ दिवस रोज ४ किंवा ६ तास झोपणाऱ्यांची कामगिरी घसरत राहिली, पण 'किती झोप येतेय?' या प्रश्नाचं उत्तर काही दिवसांनी जवळपास स्थिरावलं. आपण ज्याला 'सवय झाली' म्हणतो, ते बऱ्याचदा एवढंच असतं.

चहा-कॉफीचंही तेच. किलगोर आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात ७५ तासांच्या जागरणात कॅफीनने जोखमीचे निर्णय सुधारले नाहीत. डोळे उघडे राहिले म्हणजे हिशेब बरोबर होईलच असं नाही.

इथे प्रश्न प्रयोगशाळेबाहेर येतो. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांच्या सलग ३६ तासांच्या ड्युटीचा विषय निघाला, की एक उत्तर हमखास मिळतं: 'ज्याला झेपत नसेल त्याने सांगावं.' ऐकायला वाजवी वाटतं. पण न झेपल्याचं कळण्याची क्षमताच आधी जात असेल, तर ही व्यवस्था बिघडलेल्या काट्यालाच स्वतःचं वजन विचारते. सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी असं केंद्राचे १९९२ चे निर्देश सांगतात. १४ मुलांच्या पेपरवरून असा नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मर्यादा थकलेल्या माणसाच्या अंदाजावर सोडू नये, ती ड्युटी चार्टवर आधीच लिहिलेली असावी, एवढं म्हणायला पुरावा पुरेसा आहे.