यहुदी अभ्यासाची पदवी आणि मराठीचे कोरे पान

पाश्चात्त्य विद्यापीठांत ‘यहुदी अभ्यास’ या नावाची एक स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि तीत बी. ए. ची पदवी घेता येते, हे आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांना सांगितले तर ती आश्चर्यच करतील. जुना करार तो धर्मगुरूंनी सेमिनरीत शिकावा, बाकीच्यांनी मिस्सेच्या पहिल्या वाचनापुरता ऐकावा, अशी आपल्याकडची समजूत. वास्तविक या शाखेला दोनशे वर्षे होऊन गेली. लिओपोल्ड झुन्झ या तरुण यहुदी पंडिताने १८१८ साली जर्मन भाषेत एक लहानसे पुस्तक लिहून आपल्या पूर्वजांच्या वाङ्मयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, अशी मागणी केली, तेथून हिची सुरुवात धरतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात या विषयाची संस्था १९२४ च्या डिसेंबरात उघडली. विद्यापीठाचा रीतसर उद्घाटन सोहळा त्यानंतर, १ एप्रिल १९२५ रोजी झाला. पवित्र शास्त्र, हिब्रू भाषा, तालमूद, मध्ययुगीन तत्त्वज्ञान, यहुदी लोकांचा इतिहास आणि आधुनिक हिब्रू साहित्य असा या पदवीचा सर्वसाधारण ऐवज असतो. विषय मोठा आहे, आणि तो तीन-चार वर्षांत शिकविण्याचे धैर्य कौतुकास्पद आहे.

आमची तक्रार या ऐवजाबद्दल नसून त्याच्या नकाशाबद्दल आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या अभ्यासक्रमांत बाबिलोन, स्पेन, ऱ्हाईनचा काठ, पोलंड, न्यू यॉर्क अशी वाट आखलेली असते. हिंदुस्थान एखाद्या तासिकेत उरकतो: कोचीनचे यहुदी, बगदादहून आलेले ससून, आणि कोकणात गलबत फुटून नवगावला लागलेले बेने इस्राएल. या शेवटच्या समाजाची नोंद बहुधा कुतूहल म्हणून होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’, गावावरून पडलेली राजपूरकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे, आणि विस्मरणातही टिकून राहिलेली ‘शेमा’ ही प्रार्थना. गोष्ट चटका लावणारी आहे, पण ती सांगून झाली की पान उलटते. या लोकांनी मराठीत लिहिले, छापले, गायिले, याची दखल त्या पानावर नसते.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील एका पदवीच्या विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांस विचारले की, असला विषय शिकण्यासाठी जर्मन आणि इंग्रजी आली पाहिजे, मग आमच्यासारख्यांनी तिकडे पाहावे तरी कशाला? प्रश्नात कडवटपणा होता आणि तो अकारण नव्हता. परंतु त्याच्याजवळ असलेली एक भाषा या विद्येला लागते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ती भाषा मराठी.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. म्हणजे मराठीतून हिब्रू शिकण्याची सोय झुन्झच्या पुस्तकानंतर अवघ्या चौदा वर्षांत झाली होती. पुढे योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाच्या हिब्रू परीक्षांचे तेच परीक्षक असत. हाईम शमुवेल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो इंग्रजीत होता, आणि छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी!

या सर्व वाङ्मयात आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती ‘हागादा’. वल्हांडणाच्या रात्री भोजनाच्या मेजाभोवती वाचावयाची ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली निघाली आणि पुण्यात १८७४ साली पुन्हा निघाली. पुण्याच्या प्रतीत चित्रे आहेत. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका त्यांत लुगडी नेसून बसल्या आहेत. चित्रकाराने मिसरातून सुटका होण्याची घाई पुण्याच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली, आणि आमच्या मते ही त्या पोथीवरची उत्तम टीका आहे; कारण प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसरातून निघालो असे मानावे, हाच हागादेचा गाभा आहे.

येथे मराठी भाषांतरकारापुढे अशी एक अडचण येते की जी जर्मन वा इंग्रजी भाषांतरकाराला कधी जाणवलीच नसेल. हिब्रूत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच. मराठीत दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचे तर ‘आम्ही’, त्याला सामावून घ्यावयाचे तर ‘आपण’. फारोचे गुलाम कोण होते? बाप मुलाला सांगतो आहे, तेव्हा ‘आपण’ म्हणावे. पण जगापुढे साक्ष देत असेल तर ‘आम्ही’ म्हणावे. हागादेत चार मुलांचा प्रसंग आहे. त्यांतील दुष्ट मुलगा विचारतो की ही उपासना तुम्हांस कशासाठी, आणि ‘तुम्हांस’ म्हणताना स्वतःला वगळतो. त्याला उत्तर देणारा बाप सुटकेची गोष्ट केवळ स्वतःपुरती सांगतो, मुलाला बाहेर ठेवतो. म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर, हाच त्या प्रसंगाचा पेच, आणि मराठीत तो व्याकरणातच उघडा पडतो. यहुदी अभ्यासाच्या पदवीपरीक्षेत या एका सर्वनामावर प्रश्न का असू नये?

दुसरा वाङ्मयप्रकार कीर्तनाचा. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएलांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने कीर्तनातून सांगण्यास प्रारंभ केला. हिंगोलीजवळचे नरसी ही नामदेवांची जन्मभूमी मानली जाते, त्यामुळे या जिल्ह्यातील माणसाला लगेच म्हणावेसे वाटते की यहुद्यांनी नामदेवांचेच कीर्तन घेतले. हा मोह टाळला पाहिजे. नामदेवांचे कीर्तन वारकरी परंपरेचे, अभंगावर उभे असलेले. यहुदी कीर्तनकारांनी उचलली ती मुख्यत्वे नारदीय घडण, म्हणजे साकी-दिंडीत गुंफलेले आख्यान आणि एकट्या कथेकऱ्याची कथा. नामदेवांशी नाते आहे, पण ते दूरचे. मात्र औंढ्याची ती परंपरागत कथा येथे आठवल्यावाचून राहात नाही. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या बाजूस जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ज्याला समोर जागा मिळत नाही त्याच्या तोंडी कीर्तन शोभते, हे या कथेला ठाऊक आहे.

आपल्या परंपरेने याच आख्यानांचे काय केले? फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘क्रिस्तपुराणा’त पहिले पुराण जुन्या कराराचे आहे. भाषेचे ऐश्वर्य निर्विवाद. परंतु तेथे अब्राहाम आणि मोशे येणाऱ्या तारणाऱ्याची वाट दाखविण्यापुरते उभे आहेत. वाट दाखवून झाली की ते दृष्टिआड होतात. ख्रिस्ती कवीकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही, हे खरे. पण यहुदी कीर्तनात योसेफ हा योसेफच राहतो, त्याला दुसऱ्या कोणाची सावली व्हावे लागत नाही. हा फरक ज्याने मराठीतच दोन्ही बाजूंनी वाचला त्याला दिसेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत यहुदी लोकांशी असलेले आपले नाते सन्मानाने मान्य केले. पास्काच्या जागरणविधीत इतर काही वाचने गाळता येतात, निर्गमाचे वाचन गाळता येत नाही. त्या रात्री वाचक वेदीजवळून तांबड्या समुद्राची कथा वाचतो तेव्हा आपण ‘आपण’ ऐकतो की ‘ते’?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, याला एक कठोर दाखला आहे. इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांच्या यहुदीपणाबद्दल तेथील धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत शंका घेतली आणि १९६२ ते १९६४ या काळात त्यांना त्यासाठी झगडावे लागले. १९६४ साली ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. ज्यांनी शतकभर मराठीत हागादा वाचली, त्यांना ‘आपण’ या शब्दात शिरण्यासाठी आंदोलन करावे लागले. त्यांनी तेथे नेलेली मराठी टिकली. नोआ मस्सील यांच्या संपादकत्वाखाली ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलातून निघाले. महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला तो २०१६ साली, बहुतेक घरे रिकामी झाल्यानंतर.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही इतकेच सुचविले की नांदेडच्या विद्यापीठाची बी. ए. त्याने मराठी आणि इतिहास घेऊन पुरी करावी, मोडी वाचायला शिकावे आणि रोज संध्याकाळी हिब्रूची चार अक्षरे गिरवावीत. बावीसच अक्षरे आहेत. पहिल्या आठवड्यात त्याची सहा झाली.