थर्मोकोलच्या बर्फावरचा पेंग्विन

गेल्या हिवाळ्यात सावेडीतील एका शाळेने विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून मला बोलावले होते. ठिबक सिंचन, पाण्याचे शुद्धीकरण, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी ही नेहमीची मंडळी हजर होतीच. शेवटच्या टेबलावर मात्र नववीच्या पाच मुलामुलींनी पुठ्ठ्याचे एक प्राणिसंग्रहालय मांडले होते आणि त्यावर पाटी होती, ‘फक्त दक्षिण अमेरिका’. त्या टेबलापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो, आणि गुण देताना मात्र त्याला दुसरा क्रमांक दिला. विज्ञानाच्या बाईंनी नंतर विचारले, ‘‘पहिला का नाही?’’ तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते. जरा सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

प्रथम मुलांचे श्रेय त्यांना देऊ. यादी बिनचूक होती. जग्वार, लामा, स्लॉथ, मुंगीखाऊ, आर्माडिलो, कॅपिबारा, ॲनाकोंडा, मकाव पोपट, ऱ्हिया हे सगळे खरोखरच त्या खंडातले प्राणी. उत्साहाच्या भरात कोणी जिराफ किंवा कांगारू घुसवला नव्हता, आणि हे सोपे नाही. मोठ्यांच्या चित्रांच्या पुस्तकांतही अशी घुसखोरी सापडते. प्रत्येक पिंजऱ्याखाली शास्त्रीय नाव होते. पण सगळे पिंजरे एकाच मापाचे, बराकीसारखे दोन रांगांत. फक्त जग्वारचा पिंजरा मोठा, कारण तो ‘तिथला राजा’. आणि कोपऱ्यात थर्मोकोलच्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर उभा एक पेंग्विन.

मी विचारले, ‘‘बर्फ कशासाठी?’’ एक मुलगी आत्मविश्वासाने म्हणाली, ‘‘सर, आम्ही राणीच्या बागेत पाहिलाय ना. आत खूप गार असतं.’’

हे उत्तर मला त्या मुलीच्या चुकीपेक्षा राणीच्या बागेवरची टीका वाटते. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतली एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावली. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी खुले झाले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले, पण ते आठवडाभरच जगले. पुढे मात्र पिल्ले वाचली, कळप वाढला आणि पक्ष्यांची निगा राखणाऱ्यांनी आपले काम शिकून घेतले हे मान्य करायला हवे. दालनातले तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात, आणि या पक्ष्यासाठी ते योग्यच आहे. तेव्हा माझी तक्रार यंत्रसामग्रीबद्दल नाही. तक्रार आहे ती माणूस तिथून काय घेऊन बाहेर पडतो याबद्दल. मुंबईच्या घामातून आत शिरल्याबरोबर अंगाला गारवा लागतो, आणि डोक्यात आधीच बसलेले चित्र पक्के होते: पेंग्विन म्हणजे थंडी, थंडी म्हणजे बर्फ. भिंतीवरची पाटी फार थोडे लोक वाचतात. त्वचेने शिकवलेला धडा पाटीने पुसला जात नाही. प्राणिसंग्रहालयाच्या आराखड्याचे हे पहिले तत्त्व मानले पाहिजे, की पाहुणा शरीराने शिकतो.

आता नकाशा उघडू. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतो, दक्षिणेला सुमारे ५ ते ४२ अंश अक्षांशांच्या दरम्यान. पेरूची राजधानी लिमा १२ अंश दक्षिणेवर आहे आणि आपले नगर १९ अंश उत्तरेवर. म्हणजे लिमाच्या किनाऱ्यावरचा पेंग्विन विषुववृत्ताला सावेडीपेक्षा जवळ राहतो! वर्गात हे वाक्य सांगून पाहा. मुले ॲटलास मागून घेतील. तो किनारा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे. एका बाजूला वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडून वाहत येणारा व खोलातले गार पाणी वर आणणारा समुद्रप्रवाह, अशा कात्रीत हा पक्षी राहतो. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने १८०२ मध्ये या पाण्याचे तापमान मोजले, त्यावरून प्रवाहाला व पुढे पक्ष्यालाही त्याचे नाव मिळाले. घरट्यासाठी बर्फ नव्हे, तर समुद्रपक्ष्यांच्या शतकानुशतके साचलेल्या विष्ठेचा, म्हणजे ग्वानोचा, थर लागतो. त्यात तो बीळ कोरतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शेतांना खत म्हणून हा ग्वानो बोटी भरभरून खरवडून नेला गेला आणि पेंग्विनांची घरे त्याबरोबर गेली.

आणि नगर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागातल्या शिक्षकांना ज्याचा उपयोग व्हावा अशी गोष्ट याच किनाऱ्यावर आहे. काही वर्षी हे पाणी तापते, त्याला आपण एल निनो म्हणतो. मग अँचोवी नावाचे छोटे मासे खोल किंवा दूर जातात आणि पेंग्विनांची पिल्ले उपाशी मरतात. १९८२-८३ च्या तीव्र एल निनोत या पक्ष्यांची संख्या फार घटली, आणि १९८२ साली भारतातही पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी झाला. हा नियम मात्र समजू नये. १९९७ चा एल निनो तितकाच प्रबळ होता, तरी त्या वर्षी देशातला पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. पण आपल्या खरिपाची चिंता आणि त्या पिल्लाची भूक एकाच महासागराशी बांधलेली आहेत, हे जर एखादे दालन दाखवू शकले, तर त्या पक्ष्याला इतक्या दूर आणण्याला काही अर्थ मिळेल. एरवी पाहुणा ज्या समजुतीने आत गेला तीच घेऊन बाहेर येणार असेल, तर त्या जिवाच्या कैदेने आपण काय मिळवले?

म्हणजे दक्षिण अमेरिकेचे प्राणिसंग्रहालय ही कल्पनाच टाकाऊ आहे काय? नाही. खंडानुसार प्राणी मांडण्याची पद्धत जुनी आहे. हाम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये गजांऐवजी खंदक वापरून मोकळी दृश्ये उभी केली. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाने १९२८ पासून सगळी मांडणीच भूगोलानुसार केली. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी वाघ-सिंह एकत्र, माकडे एकत्र, पक्षी एकत्र अशी दुकानातल्या कप्प्यांसारखी रचना असे. पण खंड हा फार मोठा डबा आहे. ॲमेझॉनचे जंगल, अँडीजचे पठार, अर्जेंटिनाची गवताळ पांपा आणि पेरूचे वाळवंट यांत साम्य काय, तर नकाशावरचा एक रंग. लिमा शहरातच १९६४ मध्ये सुरू झालेले ‘पार्के दे लास लेयेंदास’, म्हणजे दंतकथांचे उद्यान, या बाबतीत शहाणे निघाले. त्यांनी आपल्या देशाचे किनारा, डोंगर आणि जंगल असे तीन भाग केले आणि प्राणी त्यांत मांडले. पाहणारा पेरूचाच असल्याने त्याला आपल्याच देशाचा उभा छेद दिसतो.

आपल्याकडची मुले पेरूची नाहीत. (पेरू हे फळही तिकडचेच, अमेरिकेच्या उष्ण भागातले, पण नाव एकच असल्याने वर्गात होणारा गोंधळ मी दोनदा पाहिला आहे.) मग त्यांच्यासाठी त्या खंडाची कोणती गोष्ट निवडावी? माझ्या मते काळाची. कोट्यवधी वर्षे दक्षिण अमेरिका हे एक बेट होते. स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो ही त्या बेटावरच घडलेली घराणी. माकडांचे आणि कॅपिबारा, गिनीपिग यांच्या कुळाचे पूर्वज आफ्रिकेकडून, बहुधा तरंगत्या झाडाझुडपांवर बसून, तीन-चार कोटी वर्षांपूर्वी आले. आणि सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी पुरी झाली तेव्हा उत्तरेकडून जग्वार, तापीर आणि लामाचे पूर्वज खाली उतरले. म्हणजे मुलांचा तो ‘तिथला राजा’ मुळात उशिरा आलेला पाहुणा! लामा उंटाच्या कुळातला. हे कूळ उत्तर अमेरिकेत उदयाला आले. एक शाखा दक्षिणेला गेली, दुसरी आशियात आली. आपल्याकडे जत्रेत मुलांना फेरी मारणारा उंट हा लामाचा दूरचा चुलतभाऊ. तेव्हा दोन रांगांऐवजी तीन दरवाजे करावेत: बेटावर घडलेले, तरंगत आलेले आणि पुलावरून चालत आलेले. प्राणी तेच राहतील. पाहणाऱ्याचा प्रश्न मात्र ‘हा कोण?’ इथे न थांबता ‘हा इथे कसा?’ इथवर जाईल.

पिंजऱ्याच्या मापाबद्दल फार लिहीत नाही. हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकातच दाखवून दिले, की जागा किती यापेक्षा ती कशी हे महत्त्वाचे. स्लॉथला चौरस फूट नकोत, उंची आणि फांद्या हव्यात. तो इतका कमी हलतो की पाहुणे ‘मेलाय का?’ म्हणून काचेवर टकटक करणार. त्यांना थांबायला लावणे हे आराखडा करणाराचे काम, प्राण्याचे नव्हे.

एक गोष्ट मात्र पाचही मुलांच्या लक्षात आली नव्हती, आणि मोठ्यांच्याही येत नाही. ती म्हणजे कुंपणाबाहेर काय जाता कामा नये. काचेच्या टाक्या स्वच्छ ठेवणारा म्हणून विकला जाणारा खरखरीत अंगाचा सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. हौस फिटली की लोक तो नदी-तलावात सोडतात आणि आता तो महाराष्ट्रातल्या कोळ्यांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. ‘फक्त दक्षिण अमेरिका’ दाखवायची तर अशा पाहुण्यांसाठी आधी दुहेरी दार हवे.

खरे तर त्या खंडाचा पुष्कळसा भाग सावेडीत केव्हाच येऊन राहिला आहे. बंगल्यांच्या कुंपणावरची बोगनवेल ब्राझीलची. भुईमूग, बटाटा, काजू तिकडचेच. रस्त्याकडेचा नीलमोहोरही. माझी मुलांना सूचना होती, की प्रवेशद्वारापाशी यांचा एक वाफा करा. त्यासाठी कोणाला विमानातून आणावे लागत नाही आणि मेला तर दुसरा लावता येतो.

उलटा प्रवासही झाला आहे. आपल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, १९८० मध्ये स्थापन झालेले. तोच काळवीट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीच्या हौसेसाठी अर्जेंटिनात नेला गेला आणि आज तिथल्या पांपात मोकळा चरतो. तिथले मूळचे हरीण, पांपा हरीण, मात्र कुरणे शेतीखाली गेल्याने बहुतेक भागांतून नाहीसे झाले.

फेब्रुवारीत बाईंच्या आमंत्रणावरून पुन्हा त्या शाळेत गेलो. थर्मोकोल काढून टाकला होता. पेंग्विन आता सीना नदीच्या वाळूवर उभा होता, मागे तपकिरी कडा आणि त्यावर चुन्याचे ओघळ, म्हणजे ग्वानो. जग्वारचा पिंजरा इतरांएवढाच झाला होता. पण वाद काळविटावरून चालू होता. मूळचे तेवढेच ठेवायचे, म्हणून मुलीने तो कुंपणाबाहेर पुठ्ठ्याच्या काठावर चिकटवला होता. एक मुलगा म्हणत होता, शंभर वर्षे ज्यांच्या पिढ्या तिथेच जन्मल्या त्यांना बाहेर कसे ठेवायचे? मग जग्वारला तरी आत का घेतले? मी निघालो तेव्हा काळवीट तिसऱ्यांदा उचकटला जात होता.