तिसरा दिवस आणि न्यायाचा दिवस

काही वर्षांपूर्वी वाशीमच्या ख्रिस्ती दफनभूमीत एका जुन्या सहकाऱ्याला निरोप द्यायला गेलो होतो. पाळकांनी पुनरुत्थानाच्या आशेविषयीचा उतारा वाचला. माती लोटली जात असताना शेजारी उभे असलेले खेड्यावरचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "सर, पुनरुत्थान म्हणजे आपला पुनर्जन्मच ना? मग पुरायचं कायले?" मी नुसती मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते माझे मलाच कळले नाही. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली आणि एका मराठी शब्दाने मला असे निरुत्तर केले, ही टोचणी राहिली.

दोष त्या गृहस्थांचा नाही, शब्दाचा आहे. 'पुनर्' म्हटले की मराठी कानाला पुढे 'जन्म' ऐकू येतो. शिवाय 'राष्ट्राचे पुनरुत्थान', 'संस्कृतीचे पुनरुत्थान' अशा वापराने हा शब्द रूपकात जमा झाला आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानांत मात्र साधे, घरगुती शब्द आहेत. 'अनास्तासिस' म्हणजे उभे राहणे. 'एगेइरो' हे क्रियापद झोपलेल्याला जागे करण्यासाठीही वापरले जाते. मराठी बायबलातला 'मेलेल्यांतून उठला' हा प्रयोग म्हणूनच संस्कृत संज्ञेपेक्षा मूळ अर्थाच्या जवळ आहे. आपण रोज सकाळी उठतो, तेच हे उठणे.

या कल्पनेचे वेगळेपण पाहायला वाशीम जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्रानुसार कुरवपूरच्या श्रीपाद श्रीवल्लभांनी एका दुःखी मातेला वर दिला आणि पुढच्या जन्मी कारंज्यात तिच्याच पोटी ते अवतरले. देह नवा, गाव नवे, नाव नवे. हा पुनर्जन्म, किंवा भक्तांच्या भाषेत अवतार. त्याच ग्रंथात माहूरच्या एका क्षयरोगी तरुणाची कथा आहे. गाणगापुरात तो मरतो आणि पत्नीच्या निष्ठेमुळे, गुरुकृपेने, जिवंत होतो. हे पुनरुज्जीवन. बायबलातला लाजर असाच कबरेतून बाहेर येतो. पण हा तरुण काय किंवा लाजर काय, पुढे कधीतरी पुन्हा मरणारच. तिसरा नमुना तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाचा. तिथे देह आहे, पण मरण नाही. येशूची कथा या तिन्हींत बसत नाही. तो खरोखर मरतो, पुरला जातो, त्याच देहाने उठतो आणि पुन्हा मरत नाही.

'तिसऱ्या दिवशी' हे शब्दही मराठी वाचकाला परके नाहीत. आपल्याकडे अनेक घरांत तिसऱ्या दिवशी राख सावडतात. शुभवर्तमानातल्या स्त्रियाही सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरेकडे निघतात त्या मृताचे उरलेसुरले करण्यासाठीच. मनाने त्या सावडायलाच निघाल्या आहेत, आणि सावडायला काही उरलेले नाही. पुढे उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, शंका घेणाऱ्या थोमाला हातांतल्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो. मला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवा देह तेजस्वी आहे, पण जखमा पुसलेल्या नाहीत. अन्याय झाल्याची खूण त्याने सोबत आणली आहे.

मराठीत ही कथा पहिल्यांदा विस्ताराने आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त. हा इंग्रज जेझुइट गोव्यात राहिला, मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचून 1616 मध्ये रोमन लिपीत छापून घेतला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी आम्हाला काही द्या, ही त्यांची मागणी ग्रंथाच्या मुळाशी आहे. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. त्यामुळे ओवी मराठी घरात शिरली, हे त्याचे यश. पण इथेच एक अडचणही झाली असे मला वाटते. आत्मा वैकुंठाला पोहोचला की मराठी श्रोत्याच्या लेखी कथा संपते. मग शेवटच्या दिवशी देह उठायचे कारण काय? परिचित शब्दाने दार उघडले आणि त्याच शब्दाने नव्या कल्पनेची धार बोथट केली.

पंडिता रमाबाईंना ही अडचण नेमकी कळली होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये ग्रंथ बाहेर पडला. संस्कृत शास्त्रे पचवलेल्या या बाईंनी साध्या बायकांना कळेल अशी मराठी निवडली, याला केवळ सोपेपणाची हौस म्हणता येणार नाही. जुन्या तत्त्वज्ञानाचे ओझे वाहणारे शब्द नव्या मजकुरात काय करतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

आता 'पुरायचं कायले' हा प्रश्न. नारायण वामन टिळक 1919 मध्ये मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेल्या गेल्या. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेला हा कवी अग्नीला भ्याला नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना दाण्याचा दाखला दिला आहे. पेरतो तो दाणा आणि उगवते ते रोप दिसायला एक नसतात, तरी रोप त्याच दाण्याचे असते. सोयाबीन, तूर पेरणाऱ्या मुलखाला हे वेगळे समजवावे लागत नाही. देह मातीत ठेवला की आगीत, हा प्रश्न दुय्यम आहे. माणूस तोच राहतो का, हा खरा प्रश्न.

आणि हाच प्रश्न अंतिम न्यायाशी जोडलेला आहे. शेवटचा न्याय म्हटले की युरोपीय चित्रांतले नरकाचे दृश्य डोळ्यांपुढे येते, आणि भीती घालणारे प्रवचनकारही कमी झाले नाहीत. पण मराठी 'न्याय' हा शब्द आरोपीपेक्षा फिर्यादीच्या बाजूने बोलतो. 'मला न्याय मिळाला' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात धास्ती नसते, सुटका असते. हिब्रू 'मिश्पात'मध्येही ही छटा आहे. 96 व्या स्तोत्रात देव न्याय करायला येतो म्हणून शेत उल्हासते आणि रानातली झाडे गातात. आमच्या भाषांतरकारांनी हा शब्द निवडला तेव्हा हरवू शकणारा अर्थ आपसूक वाचला.

कर्मसिद्धांतातही कुठलेच कृत्य वाया जात नाही. चित्रगुप्ताची वही चोख असते. पण तो हिशेब कर्ता आणि त्याचे कर्म यांच्यातला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो तिथे हजर असावा लागत नाही. तो तर दुसऱ्या जन्मात, सारे विसरून, भलत्याच गावी असतो. ख्रिस्ती कल्पनेत फिर्यादी हजर पाहिजे, म्हणूनच मेलेल्यांनी उठले पाहिजे. पुनरुत्थानाशिवाय न्याय म्हणजे फिर्यादीविना निकाल. शिवाय इथला न्यायाधीश स्वतः पिलाताच्या कोर्टात निर्दोष असून मरणाची शिक्षा भोगलेला आहे. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात तो माणसांना त्यांचा पंथ विचारत नाही. भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, कैदी होतो तो मीच, तेव्हा तुम्ही काय केलेत, एवढेच त्याचे विचारणे आहे.

वाशीममध्ये नाझरीन मिशनने गेल्या शतकात दवाखाना चालवला. त्यामागे याच अध्यायाची प्रेरणा असावी, असे मला वाटते. आणि 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांची नावे आली, त्यांत वाशीमही होता. त्या मृतांची फिर्याद आता कोण मांडणार? त्यांचा न्याय इथे, आपल्या हयातीत करायची जबाबदारी कुठलीही श्रद्धा आपल्यावरून काढून घेत नाही. तसे करणारी श्रद्धा मत्तयाने वाचलेली नाही. पण मेला म्हणजे प्रकरण मिटले, असे म्हणायला ही कल्पना नकार देते. मी ख्रिस्ती नाही, तरी हा नकार मला मोलाचा वाटतो.

ते गृहस्थ पुन्हा भेटले तर सांगेन: नाही बाप्पा, पुनर्जन्म नव्हे. तोच माणूस, त्याच्या जखमांसकट, उठून उभा राहील आणि त्याचे म्हणणे ऐकले जाईल, अशी ही आशा आहे.