नऊ महिन्यांची आवृत्ती

लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दर फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते. एकेका आवृत्तीची देखभाल साधारण नऊ महिने. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे आधार मिळतो. हे देखभालीचे धोरण वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. वाचावे.

दुरुस्त आवृत्तीचा आपला जुना दाखला शके 1506चा. नकलांमधून बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शुद्ध केली आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. तरी राजवाड्यांनी 1909 साली, एकनाथपूर्व म्हणून, वेगळी प्रत छापलीच! मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना नेमका उलटा: बदला, वेगळी शाखा काढा. लिबरऑफिस स्वतः 2010मध्ये ओपनऑफिसपासून असेच फुटून निघाले. हे औदार्य मला मान्य आहे.

उणीव दुसरीकडे आहे. धोरणात तारखा असतात, दुरुस्ती करणारा माणूस नसतो. 2014मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली, तेव्हा जग ज्यावर विसंबले होते ते काम मोजक्या हातांवर चालले होते हे कळले.

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी जुन्या संगणकावर लिहिणारा अभ्यासक मुदत संपल्यावरही त्याच आवृत्तीत लिहीत राहतो. मजकूर युनिकोडमध्ये, खुल्या ओडीएफ स्वरूपात असेल तर तो पुढेही वाचता येईल. युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर फाँट हरवला की निरर्थक चिन्हांची रांग होतो. म्हणून मी मुदतीआधी फाइलचे स्वरूप पाहतो. मग मराठी जोडाक्षराची चूक कळवली तर ती कोण हाती घेणार, हे धोरणात शोधतो. बहुधा ते तिथे नसते.